बूस्टर म्हणजे लाईटचा टुल्लू पंप

प्रति,
संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

कॅराव्हॅन, ट्रेलर, कॅम्पिंग यावर हल्ली पेपरात बरंच छापून येतं, फोटो पण झकास असतात, समोर समुद्र, मागे माड, मध्ये घडीच्या दोन खुर्च्या. पण त्या फोटोतल्या गाडीत रात्री आठ वाजता एसी उचलतो का नाही हे कोणी लिहीत नाही, आणि त्यासाठी व्होल्टेज वाढवणारा बूस्टर लावला तर काय होतं हेही नाही, म्हणून हे पत्र. लांब झालंय. जागा नसेल तर खुशाल कापा, फक्त गॅस सिलेंडरचा आणि अर्थिंगचा भाग तेवढा ठेवा.

मी नेरुळला राहतो. तुर्भे एमआयडीसीत तीस वर्षं मोटर रिवायंडिंग केलं, आता दुकान पोरगा बघतो. जळालेली मोटर उघडली की अर्धी कहाणी तिथेच कळते, सगळी वाइंडिंग सारखी काळी पडलेली असेल तर लो व्होल्टेज नाहीतर ओव्हरलोड, आणि ठराविक गट काळे नि मधले कोरे असतील तर तीन फेजपैकी एक गेलेला असताना चालवलीय. सांगायचं कारण असं की व्होल्टेज डाऊन असताना मोटरचं काय होतं ते मी नाकानं ओळखतो, वार्निश जळल्याचा तो वास घरी कपड्यांना यायचा, बायको अजून बोलून दाखवते.

तर रिटायर झाल्यावर रबाळ्याच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून चौदा फुटी ट्रेलर बनवून घेतला. दोन बेड, छोटा फ्रीज, गॅसची शेगडी, आणि एक टनाचा एसी. एसी नसेल तर मे महिन्यात मी येणार नाही, असं घरातून आधीच सांगितलेलं. आरटीओचं पासिंग वगैरे सगळं रीतसर केलं. सोसायटीत लावायला मिळाला नाही, त्यावर वेगळं पत्र लिहीन, आता शिळफाट्याला भाच्याच्या गोडाऊनच्या आवारात उभा असतो.

पहिली मोठी ट्रिप रायगड जिल्ह्यात, समुद्राकाठच्या एका वाडीत. जागेचं नाव लिहीत नाही, कारण मालक माणूस चांगला आहे आणि जे तिथे तेच बाकी चार ठिकाणी पण बघितलंय. आमच्याबरोबर घोडबंदर रोडचं एक जोडपं असतं त्यांचा ट्रेलर घेऊन, पोरांच्या वयाचे आहेत, मला काका म्हणतात. मालकानं लाईटचे तीनशे रुपये वेगळे घेतले आणि एक बोर्ड दाखवला. तो बोर्ड माडाला बांधलेला, त्यावर पावसासाठी तेलाचा डबा कापून उपडा घातलेला, आणि घरापासून तिथपर्यंत साठ मीटर वायर माडामाडातून आणलेली, तीही दीड एमएमची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची, बारीकच), मध्ये दोन ठिकाणी पिळून टेप मारलेली. दोन्ही ट्रेलर त्याच एका वायरवर.

दुपारी सगळं छान चाललं. रात्री आठला एसी लावला तर घुंऽऽऽ असा आवाज करून टक. तीन मिनिटांनी परत घुंऽऽऽ, टक. हा आवाज ज्यानं एकदा ऐकलाय त्याला सांगायला नको, कॉम्प्रेसरला उठायचंय पण उठता येत नाहीये, करंट मात्र भरपूर खातोय आणि ओव्हरलोड त्याला तोडतोय. असं दहा-वीस वेळा होऊ दिलं की कॉम्प्रेसर कायमचा झोपतो. मी एसी बंद केला नि मीटर काढला. प्लगवर १७८ व्होल्ट. मालकाच्या घरात मेन बोर्डवर जाऊन बघितलं तर १९७. टोंग टेस्टर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजायचा मीटर) लावला तर वायरमधून तेरा अँपिअर चाललेत, शेजारचं इंडक्शन, आमची किटली, दोघांचे फ्रीज.

आता यात दोन वेगवेगळे प्रॉब्लेम आहेत आणि लोक ते एकत्र करतात. घरात १९७ येतात हा वीज देणाऱ्याचा प्रश्न. नियमाप्रमाणे २३० च्या सहा टक्के वर-खाली चालतं, म्हणजे २१६ च्या खाली जायला नको. डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, वाडीच्या दुसऱ्या टोकाला, लाईन लांबलचक, संध्याकाळी सगळ्यांचा लोड एकदम. पण उरलेले एकोणीस व्होल्ट मात्र त्या माडावरच्या वायरीनं खाल्ले. दीड एमएमच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला बारा ओहम धरा, साठ मीटर जायचे आणि साठ यायचे म्हणजे जवळपास दीड ओहम, गुणिले तेरा अँपिअर. कागद-पेन्सिल पण लागत नाही. आणि एसी, तो चालू असताना पाच-सहा अँपिअर घेतो पण उचलताना क्षणभर तीसच्या आसपास मागतो (माझा साधा आहे, इन्व्हर्टर एसी नाही), तेव्हा त्या वायरमध्येच चाळीसच्या वर व्होल्ट जातात. कसा उचलणार.

मालकाला दाखवलं तर तो म्हणाला, "साहेब, आमच्या घरात संध्याकाळी पंखा फिरतोय का थांबलाय ते बघायला लागतं, आणि तुम्ही एसीचं काय घेऊन बसलात." यावर काय बोलणार, गप्प बसलो. ती रात्र खिडक्या उघड्या टाकून आणि मच्छर अगरबत्ती लावून काढली, आणि सकाळपर्यंत डोक्यात पक्कं झालं की बूस्टर बांधायचा.

बूस्टर म्हटलं की लोक विचारतात मोबाईलचा का? जुनी माणसं विचारतात अँटेनाचा का? तो नाही. हा साधा ऑटो ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणजे एकाच गुंडाळीवर व्होल्टेज वाढवणारा, घरातला एसीचा स्टॅबिलायझर असतो त्याचाच भाऊ. यात गंमत अशी की साडेतीन किलोवॅटचा लोड चालवायचा असला तरी तेवढा मोठा ट्रान्सफॉर्मर लागत नाही. वाढवायचे आहेत फक्त चाळीस-पंचेचाळीस व्होल्ट, ते गुणिले सोळा अँपिअर म्हणजे साडेसातशे व्हीएच्या (व्होल्ट गुणिले अँपिअर) आतच काम होतं. बाकीची वीज सरळ निघून जाते. मी आमच्याच दुकानात बारा गेजच्या तारेनं बांधला, तार लोहार चाळीतून आणली, आठ-नऊ किलोचं धूड झालं. एक स्विच ठेवला, खाली केला की सरळ, वर केला की वीस टक्के वाढवून. मोठ्या ऐटीत नेला.

दुसऱ्या ट्रिपला तीच वाडी, तेच माड. रात्री स्विच वर केला, आत २१३ व्होल्ट, एसी पहिल्या फटक्यात उचलला. बायको म्हणाली शेवटी तुमच्या कामाचा मला काही उपयोग झाला. मी खुशीत चहाची किटली लावली आणि पाच मिनिटांत दारावर टकटक. घोडबंदरवाली सून उभी. (सून म्हणजे आमची नाही, पण आता तसंच झालंय.) "काका, तुम्ही काही लावलंत का? आमचं इंडक्शन एरर दाखवून बंद पडलं, भात अर्धा कच्चा आहे." मी बाहेर आलो तर मालकाच्या तुळशीपाशी पिवळा बल्ब असतो, तो किटली लावली की मान टाकायचा, काढली की परत वर यायचा. मी तीन-चार वेळा किटली लावून काढून बघितलं, बायकोला वाटलं याचं काहीतरी बिघडलं.

तेव्हा जी ट्यूब पेटली ती खरं तर आधीच पेटायला हवी होती, एवढी वर्षं तांबं गुंडाळलंय. बूस्टर वीज तयार करत नाही हो. आत व्होल्टेज वाढवतो तेवढा बाहेरून करंट जास्त ओढतो. आपल्याकडे पाणी कमी आलं की लोक नळाला टुल्लू पंप लावतात ना, लावणाऱ्याची बादली भरते आणि वरच्या मजल्यावर नळातनं नुसता फुसफुस आवाज येतो, अगदी तेच. किटली, गिझर, हीटर अशा गरम करणाऱ्या वस्तूंचं तर फारच वाईट, कारण व्होल्टेज वीस टक्के वाढवलं की ती वस्तू लोड जवळजवळ दीडपट ओढते, पाच अँपिअरवाली किटली सात खायला लागते. चहा दोन मिनिटं लवकर झाला आणि शेजारचा भात कच्चा राहिला. एसीचं तसं नसतं, चालू झाल्यावर मोटर तिला लागेल तेवढीच ताकद घेते, तिला व्होल्टेज नीट मिळालं की उलट थंड राहते. म्हणून सांगतो, बूस्टर एसी-फ्रीजसाठी बांधा, किटलीची लाईन बूस्टरच्या आधीच वेगळी काढा, चहा गॅसवर करा नाहीतर थोडा थांबा, घाई कसली आहे ट्रिपवर.

त्याच रात्री दुसरं प्रकरण झालं आणि ती चूक शंभर टक्के माझी. स्विच वरच ठेवून झोपलो. पहाटे सगळा गाव झोपलेला, लोड नाही, लाईन चढून २३६ वर आली, त्यात माझे वीस टक्के, आत २८० च्या वर. बॅटरीचा चार्जर गेला. उठलो ते त्या वासानंच, म्हटलं ना नाकानं ओळखतो. म्हणजे हातानं चालवायचा बूस्टर कामाचा नाही, मग पोरानं लॅमिंग्टन रोडवरून कंट्रोल कार्ड आणलं, आता तो स्वतःच बघतो, कमी असेल तर पायरीपायरीनं वाढवतो, बरोबर असेल तर सरळ सोडतो, २५० च्या वर गेलं तर तोडतो, आणि तोडल्यावर तीन मिनिटं एसी देत नाही. बाजारात तयार पण मिळतात असे, घरी बांधायलाच पाहिजे असं नाही, मला खाज म्हणून मी बांधला.

आता बसवण्याबद्दल, कारण इथे लोक जीवाशी खेळतात. मी ट्रेलर परत त्या फॅब्रिकेशनवाल्याकडे नेला, म्हटलं याला जागा करून दे. त्याचा फिटर हुशार पोरगा, त्यानं बघितलं, म्हणाला काका याला हवा लागणार ना, मग पुढच्या कप्प्यात ठेवू, तिथे खाली जाळी कापलेलीच आहे. पुढच्या कप्प्यात गॅसचा सिलेंडर असतो! जाळी कापलीय तीच मुळी त्यासाठी, कारण आपला घरगुती गॅस हवेपेक्षा जड, लीक झाला तर खाली बसतो, तो बाहेर जावा म्हणून. आणि या बूस्टरमध्ये रिले, म्हणजे आपोआप चालणारे स्विच असतात, दर वेळी टक करताना आत ठिणगी पडते. त्या पोराला मी हे सांगितलं तर त्याचा चेहरा उतरला, म्हणाला मागच्या महिन्यात एकाचा चार्जर आणि इन्व्हर्टर तिथेच बसवून दिलाय. मी तिथेच उभं राहून पोराला त्या गिऱ्हाइकाला फोन लावायला लावला. तेव्हा ज्यांच्याकडे असे बनवून घेतलेले ट्रेलर आहेत त्यांनी आजच्या आज सिलेंडरचा कप्पा उघडून बघा, आत गॅसशिवाय दुसरं काहीही नको. पाण्याच्या बॅटऱ्या असतील तर त्यांच्या कप्प्यात पण बूस्टर नको, चार्ज होताना त्यातून निघणारा हायड्रोजन पेट घेतो.

आम्ही शेवटी तो बाकाखाली बसवला, अॅक्सलच्या थोडा पुढे. अगदी मागे टाकायचा नाही, शेपटीत वजन वाढलं की हायवेवर ट्रेलर डोलायला लागतो आणि तो एकदा डोलला की पुढची गाडी पण ओढतो. बाकाला दोन्ही बाजूंनी जाळ्या मारल्या, प्लायवर नाही तर चॅसीच्या आडव्या पट्टीपर्यंत बोल्ट नेले, नायलॉकचे (हादऱ्यानं सैल न होणारे) नट. वायरच्या टोकाला तांब्याची कडी (लग) दाबून बसवून, खाली स्प्रिंग वॉशर. घरात एकदा घट्ट केलेला स्क्रू वीस वर्षं हलत नाही हो, पण ट्रेलर म्हणजे चालतं घर, आपले रस्ते माहितीच आहेत, वडखळपर्यंत जाईस्तोवर स्क्रू सैल होतात आणि सैल कनेक्शन सोळा अँपिअरला तापून काळं पडतं. मी दर ट्रिपनंतर बाक उघडून हात लावून बघतो (मेन काढून, अर्थात). लाईन अशी आणलीय, बाहेरच्या प्लगमधून आधी दोन पोलचा एमसीबी (करंट जास्त झाला की फेज-न्यूट्रल दोन्ही तोडतो), मग ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळायला लागला की तोडतो), तिथून किटलीचा पॉइंट वेगळा, मग बूस्टर, मग आतलं सगळं. दोन पोलचा एवढ्यासाठी की कॅम्पवरच्या बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे नसतीलच असं कोणी सांगू शकत नाही, पाचातल्या दोन ठिकाणी मला उलटे मिळाले.

अर्थिंगचं सांगतो आणि थांबतो. त्या माडावरच्या बोर्डात तिसरं मोठं भोक होतं, पण त्याच्या मागे वायरच नव्हती. नुसतं भोक. तिसऱ्या ट्रिपला पाऊस पडून गेला होता, कुणाची तरी छोटी मुलगी अनवाणी आमच्या ट्रेलरच्या दांडीला हात लावून ओरडली, मुंग्या आल्या म्हणाली. टेस्टर लावला तर बॉडीवर लाल दिवा. नशीब, फक्त चार्जर-अडॅप्टरच्या फिल्टरमधून येणारी गळती होती, नुसत्या मुंग्यांवर निभावलं. एखादी वायर घासून बॉडीला लागली असती तर? बूस्टर असल्यानं काही संरक्षण होत नाही, कारण ऑटो ट्रान्सफॉर्मरमध्ये आतली लाईन आणि बाहेरची लाईन एकच असते, वेगळी होत नाही. मी आता एक मीटरची जीआय सळई नेतो, ओल्या जागेत ठोकतो, त्याला बॉडी जोडतो, मगच प्लग लावतो. पण नुसत्या सळईवर पण विश्वास ठेवू नका, असल्या सळईचा रेझिस्टन्स सहज पन्नास ओहम असतो, फॉल्ट झाला तर चार-पाच अँपिअर वाहतील आणि सोळाचा एमसीबी ढिम्म हलणार नाही. तिथे आरसीसीबीच वाचवतो. हजार-दोन हजाराची वस्तू आहे, ट्रेलरला लाखो घालतो आपण.

२०२१ साली राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, चांगली गोष्ट आहे, कॅराव्हॅन पार्क व्हावेत, वीज-पाणी असावं वगैरे. पण वीज असावी म्हणजे काय? माडाला लटकवलेला बोर्ड पण वीजच आहे. माझं म्हणणं एवढंच की जो कोणी ट्रेलर लावायला जागा भाड्यानं देतो त्यानं प्रत्येक गाडीला वेगळी जाड केबल, सोळा अँपिअरचा पावसाळी सॉकेट, खरोखरचा अर्थिंगचा खड्डा आणि आरसीसीबी द्यावा, आणि हे असल्याशिवाय परवानगी देऊ नये. युनिटचे मीटर लावून पैसे घ्या, तीनशेच्या जागी पाचशे घ्या, आम्ही देतो. नाहीतर आज मी बूस्टर लावला, उद्या घोडबंदरवाले लावतील, परवा तिसरा, आणि मग सगळे मिळून त्याच दीड एमएमच्या वायरला चोखत बसू, आणि मालकाच्या तुळशीपाशी अंधार. वीज कंपनीकडे लो व्होल्टेजचा अर्ज गावानं करायचा असतो, तो मी मालकाला लिहून दिलाय, मीटरच्या आकड्यांसकट, संध्याकाळी आठचे आणि पहाटेचे दोन्ही.

गेल्या आठवड्यात त्या मालकाचा फोन आला होता. अर्थिंगचा खड्डा खणून झाला, आता केबल आणायला अलिबागला आलोय म्हणाला, दुकानदार विचारतोय चारची देऊ का सहाची, चारची स्वस्त पडते. मी म्हटलं साठ मीटर आहे, तेरा अँपिअरला चारमध्ये सात व्होल्ट जातील, सहामध्ये पाचच्या आत. तो जरा वेळ गप्प. मग मागे दुकानदाराला म्हणाला, "सहाची काढा."

आपला,
एक जुना वाचक,
नेरुळ, नवी मुंबई